'ए' म्हणजे नेमकं कुणासाठी?

ऑगस्ट २०२३ मधली गोष्ट. माझी भाची तेव्हा दहावीत होती, पंधरा नुकतेच पूर्ण झालेले. तिला 'ओएमजी २' बघायचा होता. ताई म्हणाली, तूच घेऊन जा, तुझा विषय आहे ना तो. विषय म्हणजे मुलं आणि पडदा, पीएच.डी.चं काम त्यावरच चाललंय. तर मी ॲपवर दोन तिकिटं काढली. मध्ये एक चौकट आली होती, तिच्यावर काहीतरी लिहिलेलं होतं आणि खाली 'ओके'. मी 'ओके' दाबलं. नियमावल्या वाचण्यात जिची चार वर्षं गेली, तिनं ती चौकट वाचली नाही, हे इथे कबूल करून टाकते.

दारावरच्या मुलानं भाचीकडे बघितलं आणि आधार कार्ड मागितलं. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही जाऊ शकता. ह्यांना नाही सोडता येणार, ए सर्टिफिकेट आहे." त्याचं काहीच चुकलं नव्हतं. उलट नियम पाळणारा माणूस भेटला म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. भाची मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, अगं पण हा सिनेमा माझ्याच वयाच्या मुलाबद्दल आहे ना?"

शेजारच्या पडद्यावर 'गदर २' लागला होता. दोन्ही सिनेमे ११ ऑगस्टला, एकाच दिवशी प्रदर्शित झालेले. 'गदर २' ला यूए. आम्ही तो पाहिला. त्यात शत्रूच्या तुरुंगात मुलाचा छळ होतो, माणसं हवेत उडतात, गाड्या उडतात, पुष्कळ रक्त सांडतं. भाचीनं पॉपकॉर्न खाल्लं, मला डुलकी लागली.

तिच्या प्रश्नाला मी त्या दिवशी धड उत्तर दिलं नाही. ते इथे द्यायचा प्रयत्न करते.

आधी यंत्रणा कशी चालते ते थोडक्यात. आपण सगळे ज्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतो, त्याच्या नावातून 'सेन्सॉर' हा शब्द १९८३ मध्येच गेला. आता ते केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ आहे. मुख्यालय मुंबईत, शिवाय देशभरात प्रादेशिक कार्यालयं. कायदा १९५२ चा, सिनेमॅटोग्राफ ॲक्ट. सुरुवातीला दोनच वर्ग होते: यू म्हणजे सगळ्यांसाठी आणि ए म्हणजे फक्त प्रौढांसाठी. १९८३ मध्ये त्यात यूए आणि एस यांची भर पडली. एस म्हणजे डॉक्टर वगैरे विशिष्ट व्यावसायिकांसाठीचे चित्रपट; तो वर्ग क्वचितच दिसतो, सोडून देऊ. यूए म्हणजे सगळ्यांनी पाहायला हरकत नाही, पण बारा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत आईवडिलांनी विचार करावा.

निर्माता अर्ज करतो, परीक्षण समिती सिनेमा बघते. तिच्यात मंडळाचा एक अधिकारी असतो आणि सल्लागार पॅनेलवरची माणसं असतात. समितीचं म्हणणं पटलं नाही तर प्रकरण मोठ्या पुनरीक्षण समितीकडे जातं. त्यावर पूर्वी एक अपील न्यायाधिकरण होतं. ते २०२१ मध्ये रद्द झालं, म्हणून आता थेट उच्च न्यायालय. वकील, तारखा, खर्च. प्रदर्शनाची तारीख दोन आठवड्यांवर आलेली असताना किती निर्माते कोर्टाची पायरी चढतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

२०२३ मध्ये कायदा बदलला. यूए चे तीन तुकडे झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. मार्च २०२४ मध्ये त्याचे नवे नियमही आले. वर्तमानपत्रांनी बातमी दिली ती अशी, की जणू आता सात, तेरा, सोळा या वयांना दारावर अडवलं जाणार. तसं काही नाही. कायद्यातच म्हटलंय की यूए पुढचा आकडा हा पालकांच्या माहितीसाठी आहे आणि पालकांखेरीज दुसऱ्या कुणाला त्याची सक्ती करता येणार नाही. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला यूए १६+ सिनेमाला नेलंत तर थिएटरवाल्यानं तुम्हाला अडवायचं कारण नाही. ए चं तसं नाही. अठराच्या आतल्या व्यक्तीला ए सिनेमा दाखवणं हा गुन्हा आहे, आणि सोबत आई असली, वडील असले, मावशी असली तरी त्यात फरक पडत नाही.

म्हणजे आपल्याकडे शिडी आहे असं वाटतं, पण प्रत्यक्षात एकच भिंत आहे, अठराची. बाकीच्या तीन रेषा खडूनं काढलेल्या आहेत. पुढे जे म्हणायचंय त्याचं मूळ इथे आहे, म्हणून हे लक्षात असू द्या.

आता हे सात-तेरा-सोळा आकडे. ते हवेतून आलेले नाहीत, निदान सातचा तरी नाही. मुलांना पडद्यावरचं काय घाबरवतं, यावर अमेरिकेत जोॲन कँटर या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात सुंदर प्रयोग केले. त्यातला माझा सगळ्यात आवडता १९८५ चा. मुलांना एका म्हातारीची चित्रफीत दाखवली. तिच्या चार आवृत्त्या होत्या. म्हातारी दिसायला प्रेमळ आजीसारखी किंवा चेटकिणीसारखी, आणि वागायला दयाळू किंवा दुष्ट. मग विचारलं, ही बाई कशी आहे, पुढे काय करेल? तीन ते पाच वर्षांची मुलं मुख्यतः दिसण्यावर गेली. कुरूप पण दयाळू म्हातारी त्यांना वाईट वाटली. नऊ-दहा वर्षांची मुलं वागण्यावर गेली.

पुढच्याच वर्षीचा प्रयोग 'इन्क्रेडिबल हल्क' या मालिकेवरचा. साधा माणूस रागावला की हिरवा राक्षस होतो आणि मग लोकांना वाचवतो. मोठ्या मुलांना कळतं की राक्षस आला म्हणजे आता सुटका. लहान मुलं मात्र नेमकी तो राक्षस झाल्यावर घाबरतात. आपला नायकच भेसूर झाला, एवढंच त्यांना दिसतं. तो चांगला आहे हे सांगून उपयोग होत नाही.

तिसरं उदाहरण उलट्या दिशेचं आहे. नोव्हेंबर १९८३ मध्ये अमेरिकेत 'द डे आफ्टर' हा दूरचित्रपट दाखवला गेला: अणुहल्ला झाल्यावर कॅन्सासमधल्या साध्या माणसांचं काय होतं. दुसऱ्या दिवशी कँटर आणि मंडळींनी फोनवरून पालकांना विचारलं. सगळ्यांची भीती ही की लहानगी हादरली असतील. निघालं असं की सर्वांत कमी अस्वस्थ झाली ती लहान मुलं, त्यांच्याहून जास्त तेरा-चौदाच्या पुढची, आणि सर्वांत जास्त त्यांचे आईबाप. कारण त्या सिनेमात राक्षस नव्हता. भीती होती ती एका कल्पनेची, आणि कल्पनेला घाबरायला तेवढी वाढ व्हावी लागते.

म्हणून सातच्या आसपास एक रेषा ओढण्यात अर्थ आहे आणि बारा-तेराच्या आसपास दुसरी. सातच्या आत दिसणं महत्त्वाचं: मुखवटे, अक्राळविक्राळ चेहरे, अचानक आवाज. तेराच्या पुढे खरंच घडू शकेल असं काहीही: अपहरण, युद्ध, आईवडिलांचं मरण, आणि अर्थात नक्कल करता येईल असं सगळं. एक इशारा इथे द्यायला हवा. हे प्रयोग छोट्या गटांवरचे आहेत, अमेरिकन मुलांवरचे आहेत, आणि ती मुलं चाळीस वर्षांपूर्वीची आहेत. त्यांवरून नागपूरच्या किंवा मडगावच्या मुलाबद्दल ठाम काही बोलणं धाडसाचं. पण निदान ते प्रश्न बरोबर विचारतात: *या* वयाच्या मुलाला *हे* दृश्य कसं दिसेल?

आपलं मंडळ हा प्रश्न विचारतं का? त्याच्या कामाचा आधार आहे १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं. ती वाचली की जाणवतं, तिथे मूल जवळजवळ नाहीच. आहे तो समाज. सवंगपणा, अश्लीलता, अभिरुची, सार्वजनिक शांतता, परदेशांशी मैत्री. त्यात एक चांगलं वाक्य आहे, की चित्रपट त्याच्या एकूण परिणामावरून जोखावा. पण सात वर्षांचं मूल आणि पंधरा वर्षांची मुलगी यांच्यात काय फरक आहे, याचा तिथे पत्ता नाही. तत्त्वं लिहिली गेली तेव्हा यूए चा एकच गठ्ठा होता, त्यामुळे तेव्हा गरज वाटली नसेल. आता तीन आकडे आले आहेत, आणि ते ओढायची पट्टी जुनीच.

'ओएमजी २' कडे परत येते. उज्जैनच्या परिसरातला महाकालाचा एक साधा भक्त, पंकज त्रिपाठीनं केलेला. त्याच्या शाळकरी मुलाचं हस्तमैथुनाचं चित्रण कुणीतरी पसरवतं. शाळा मुलाला काढून टाकते. शरमेनं मुलगा मरायला निघतो. बाप आधी गाव सोडून पळायचं ठरवतो आणि मग उलटा फिरून शाळेवरच खटला भरतो, स्वतःलाही प्रतिवादी करून: तुम्ही आणि मी, दोघांनीही ह्या मुलाला काही शिकवलं नाही.

सिनेमा म्हणून तो थोर नाही. उत्तरार्धातलं कोर्ट म्हणजे व्याख्यानमाला आहे, आणि न्यायाधीशांच्या तोंडच्या कोट्या दर पाच मिनिटांनी आपल्याला 'घाबरू नका, हा विनोदी सिनेमा आहे' असं सांगत राहतात. तरी मला तो मोलाचा वाटतो, कारण त्यात मुलगा एकटा पडतो ते फार खरं आहे. त्यानं ज्यांच्याकडून माहिती मिळवली ते सगळे भोंदू वैद्य आणि बढाईखोर मित्र. मोठं माणूस एकही नाही. माझ्या कामाच्या निमित्तानं मी ज्या मुलांशी बोलते त्यांच्याबद्दल इथे लिहिणार नाही, निष्कर्ष अजून प्रसिद्ध व्हायचेत. पण तो एकटेपणा मला ओळखीचा वाटला एवढं म्हणते.

या सिनेमात पंचविसेक बदल करायला लावले गेले. त्यातला गाजलेला बदल म्हणजे अक्षय कुमारचं पात्र शंकर होतं, ते शंकराचा दूत झालं. आणि एवढे बदल करूनही प्रमाणपत्र मिळालं ते ए.

हे जरा नीट बघू. देवाचा दूत करणं हा बदल मुलांसाठी नव्हता, तो भाविकांच्या भावनांसाठी होता. ठीक आहे, पटो न पटो, त्याचं कारण समजतं. पण मग ए कशासाठी? नग्नता नाही, संभोग नाही, रक्तपात नाही. आहे ते बोलणं. शब्द. शरीराच्या अवयवांची नावं, आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात असतात तशी, फक्त मोठ्यानं उच्चारलेली. म्हणजे मंडळाचं म्हणणं असं झालं, की मुलांना लैंगिक शिक्षण द्यावं की नाही यावरची चर्चा अठरा वर्षांवरच्या माणसांनी ऐकावी. चर्चा ज्यांच्याबद्दल आहे त्यांनी नाही. निर्मात्यांनी तेव्हा उघड सांगितलं होतं की सिनेमा किशोरवयीन मुलांसाठीच बनवलाय. कँटरच्या चष्म्यातून पाहिलं तर चौदा-पंधराच्या मुलाला यातलं काय त्रास देईल? फार तर त्या मुलाची बदनामी, कारण ती खरंच घडू शकते. पण ती गोष्ट त्याला सांगायलाच तर हा सिनेमा आहे.

दुसऱ्या बाजूनं काय म्हणता येईल? तेव्हा यूए १६+ नव्हता, हा एक बचाव. ए आणि 'बारापर्यंत आईबापांनी बघून घ्यावं' यांच्यामध्ये काहीच नव्हतं, आणि नऊ वर्षांच्या मुलाला हे ऐकवणं समितीला जड गेलं असेल. हा मुद्दा मला अर्धा पटतो. अर्धाच, कारण त्याच नऊ वर्षांच्या मुलाला शेजारच्या पडद्यावर तुरुंगातला छळ चालला. यूए वर्गात त्या काळात काय काय बसलंय ते आठवा: 'केजीएफ २', 'पुष्पा', 'आरआरआर'. मारामारी आपल्याकडे घरातली आहे. शरीर मात्र पाहुणं, त्याच्यासमोर मुलांनी आतल्या खोलीत जायचं.

हे फक्त आपलंच नाही बरं का. अमेरिकेत 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' आणि 'ग्रेमलिन्स' या सिनेमांवरून पालक चिडले, म्हणून १९८४ मध्ये पीजी-१३ हा वर्ग आला. २०१३ मध्ये ब्रॅड बुशमन आणि सहकाऱ्यांनी 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात दाखवलं की पीजी-१३ सिनेमांतली बंदुकीची हिंसा १९८५ पासून तिपटीच्या वर गेली आहे, आणि २०१२ मध्ये तर ती मोठ्यांसाठीच्या आर वर्गातल्या सिनेमांपेक्षाही जास्त भरली. त्याच अमेरिकेत 'द किंग्ज स्पीच' ला आर मिळालं, कशामुळे, तर तोतरा राजा बोलण्याचा सराव करताना शिव्यांची माळ म्हणतो म्हणून. ब्रिटनमध्ये त्यालाच आधी १५ दिलं होतं, मग कमी करून १२ए केलं.

आता पैशाकडे वळते, कारण वयोगटाचं खरं राजकारण तिथे आहे. निर्मात्याला ए का नको असतो? एक तर कुटुंबं येत नाहीत. दुसरं, ए सिनेमा तसाच्या तसा टीव्हीवर दाखवता येत नाही. २००० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात टीव्हीवरच्या प्रौढ चित्रपटांविरुद्ध याचिका झाली, आदेश निघाले, नियम बदलले, आणि वाहिन्यांना काटछाट करून यू किंवा यूए आणणं भाग पडलं. २०२३ च्या कायद्यानं तर टीव्हीसाठी वेगळं प्रमाणपत्र द्यायचा अधिकारच मंडळाला दिलाय. टीव्हीचे हक्क म्हणजे मोठी रक्कम. मग समितीसमोर होतो तो संवाद साधारण असा: ए घ्या, नाहीतर एवढं एवढं कापा आणि यूए घ्या. सही कोणाची, तर निर्मात्याची. कापलं कुणी? त्यानंच.

ही घासाघीस जुनी आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी साठच्या दशकाच्या शेवटी 'चार शहर एक कहानी' नावाचा सोळा मिनिटांचा माहितीपट केला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास. श्रीमंतांची ऐट आणि तिच्या पायाशी राबणारी माणसं. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची रात्रीची काही दृश्यं होती. मंडळ म्हणालं, ए. अब्बास यांनी वर दाद मागितली. उत्तर आलं, ठीक, यू देतो, पण ती दृश्यं कापा. म्हणजे तोच व्यवहार. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. खटला चालू असताना सरकारनं एकही काप न घालता यू द्यायची तयारी दाखवली! न्यायालयानं तरीही मूळ प्रश्नावर १९७० मध्ये निकाल दिला: चित्रपटांची पूर्वतपासणी घटनेत बसते आणि वयानुसार वर्गवारीही बसते. कारण काय दिलं? चित्रपट इतर कलांपेक्षा भावनांना जास्त हलवतो, आणि मुलं व किशोर पडद्यावरच्या गोष्टीत पटकन विरघळतात.

हे वाक्य मी माझ्या प्रबंधात पुन्हा पुन्हा आणते, कारण आपल्याकडचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे आणि त्याच्या मागे तेव्हा एकही प्रयोग नव्हता. असायला हवा होता असं म्हणत नाही. १९७० मध्ये जगातच या विषयावरचं संशोधन बाल्यावस्थेत होतं. पण नंतरच्या पन्नास वर्षांत आपण तो केला का? त्याच निकालात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लैंगिकता आणि अश्लीलता या एकच गोष्टी नाहीत, असंही बजावलं होतं. ते वाक्य मात्र कुणी उचललं नाही.

शहाण्या माणसांनी सांगून झालंय. २०१३ मध्ये मुद्गल समितीनं यूए चे तुकडे करायला सांगितले. २०१६ मध्ये श्याम बेनेगल समितीनंही तेच सांगितलं, १२+ आणि १५+. पण बेनेगल समितीची मुख्य सूचना दुसरीच होती: मंडळानं वर्गवारी करावी, कापाकापी करू नये. हा सिनेमा कोणत्या वयासाठी, एवढं सांगून बाजूला व्हावं. २०२३ च्या दुरुस्तीनं आकडे घेतले, कात्री ठेवली. माझी तक्रार नेमकी इथे आहे. कात्री हातात असेल तर वयोगट ही माहिती राहत नाही, ती किंमत होते.

आणि मुलांच्या नावानं मोठ्यांचंही कापलं जातं ते वेगळंच. 'ओपनहायमर' अमेरिकेत आर, ब्रिटनमध्ये १५. आपल्याकडच्या प्रतीत नायिकेच्या अंगावर संगणकानं काळा पोशाख चढवला होता, आणि प्रमाणपत्र यूए. पन्नाशीच्या गृहस्थांनीही तोच पोशाख पाहिला. 'उडता पंजाब' ला २०१६ मध्ये ए तर होतंच, शिवाय तेरा बदल सुचवलेले. प्रौढांसाठी आहे म्हणता, मग प्रौढांपासून काय लपवताय? मुंबई उच्च न्यायालयानं ते एका कापावर आणलं. बरं, नवी पद्धत आल्यावर तरी सुधारणा? जुलै २०२५ मध्ये 'सुपरमॅन' मधलं लांबलेलं चुंबन छाटलं गेलं आणि सिनेमाला यूए १३+ मिळालं. सिनेमात शहर कोसळतं, ते शाबूत.

मग करायचं काय, असं कुणी विचारेल. ब्रिटनचं मंडळ मला आदर्श वाटत नाही, तिथेही पुष्कळ विनोद झालेत. पण ते दर चार-पाच वर्षांनी लोकांना विचारतात. २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांआधी त्यांनी बारा हजार माणसांचं मत घेतलं. आणि ते कारण लिहितात. 'मेरी पॉपिन्स' सारख्या साठ वर्षं यू असलेल्या सिनेमाला त्यांनी २०२४ मध्ये पीजी केलं, तर का केलं ते सांगितलं: त्यात एक जुना, तुच्छतादर्शक वांशिक शब्द येतो. हसा हवं तर, पण काय तोलायचं ते पालकाच्या हातात आलं. आपल्याकडे ओटीटीवर २०२१ च्या नियमांनी निदान 'हिंसा', 'शिवीगाळ' असे शब्द आणले. थिएटरचं तिकीट काढताना मला दिसतो तो नुसता आकडा. तेरा का? भुतामुळे, शिवीमुळे की सिगारेटमुळे? सहा वर्षांचं पोर घेऊन निघालेल्या बाईला हेच तर हवं असतं.

कारण लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. बुशमन आणि स्टॅक यांच्या १९९६ च्या प्रयोगांत हिंसक कार्यक्रमांवर 'सावधान' छापाची पट्टी लावली की लोकांना ते जास्त बघावेसे वाटले. नुसती आत काय आहे ते सांगणारी पट्टी लावली तर तसं झालं नाही. हे सांगायला प्रयोग कशाला हवा, असं आपल्याकडचा कुठलाही जाहिरातवाला म्हणेल. 'फक्त प्रौढांसाठी' हे शब्द सिनेमाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापलेल्या जाहिराती आपण पाहिल्या आहेत. आणि दादा कोंडके यांच्या सेन्सॉरशी झालेल्या झटापटींचे किस्से ऐकून किती जणांनी तिकीट काढलं असेल!

एक प्रश्न उरतो, परीक्षकांचा. २०१४ मध्ये डॅन रोमर आणि सहकाऱ्यांनी एक हजार पालकांना सिनेमांतले हिंसेचे आणि शृंगाराचे तुकडे एकामागून एक दाखवले आणि प्रत्येकानंतर विचारलं, हा सिनेमा कितव्या वर्षी दाखवाल? पहिल्या तुकड्याला पालक कडक होते. सहाव्यापर्यंत सैल झाले, कमी वय सांगायला लागले. सवय होते. आता जी माणसं वर्षभर सिनेमे बघून वय ठरवतात त्यांचं काय होत असेल? मारामारीची सवय त्यांना झाली आहे, हे तर वरच्या यादीवरून दिसतंच. शरीराची का होत नाही? ती होऊ नये म्हणूनच कापत असतील का? हा टोमणा आहे, संशोधन नाही. पण समित्यांची कारणं उघड झाली तर कुणी विद्यार्थी त्याचं संशोधन करू शकेल. मी करीन.

तर भाचीला उत्तर. हो, सिनेमा तुझ्याच वयाच्या मुलाबद्दल होता. तुला बाहेर ठेवलं ते तुला त्रास होईल असं कुणी तपासून नव्हे. कायद्यात तेव्हा तुझ्या वयाला जागा नव्हती, आता यूए १६+ म्हणून आहे, पण तीही तुला पंधराव्या वर्षी मिळालीच असती असं नाही, कारण वय ठरवणारे अजून दृश्य मोजतात, मूल नाही.

ऑक्टोबरमध्ये तो सिनेमा ओटीटीवर आला. भाचीनं मैत्रिणीच्या फोनवर, एका इअरफोनचा एक एक कान वाटून घेऊन, दोन बैठकांत पाहिला. ताईला हे दिवाळीत कळलं. ती रागावली, मग म्हणाली लाव बघू मोठ्या टीव्हीवर. मी होते तिथे. अर्ध्या तासानं ताई "भाजी बघून येते" म्हणून उठली, बराच वेळ आत राहिली, आणि कोर्टाचा भाग सुरू झाल्यावर परत येऊन बसली. भाची तिला म्हणाली, "आई, मधलं सांगू का तुला?"